"नसलं तरी चालेल" ते चालवायचं कसं: डेबियनसाठी ऐच्छिक घटकांसह पॅकेज बांधताना

आपल्या मशीनवर प्रोग्रॅम झकास चालतोय म्हणून उत्साहाने त्याचं पॅकेज, म्हणजे इतरांना सहज बसवता येईल असा गठ्ठा, बांधावं, आणि दुसऱ्याच दिवशी कुणीतरी विचारावं, "यात पीडीएफ का उघडत नाही हो?" माझ्या पहिल्या पॅकेजचं असंच झालं. कोड तोच, आवृत्ती तीच. फरक एवढाच, की माझ्या लॅपटॉपवर पीडीएफ वाचणाऱ्या पॉपलर लायब्ररीच्या डेव्हलपमेंट फाइली कधीपासून पडून होत्या आणि स्वच्छ बिल्ड मशीनवर त्या नव्हत्या. कोडपासून प्रोग्रॅम तयार करणाऱ्या बिल्ड सिस्टिमने लायब्ररी शोधली, ती मिळाली नाही, मग तिने पीडीएफचा भाग निमूटपणे गाळला आणि शेवटी सगळं सुरळीत झाल्याचं छापलं. अळीमिळी गुपचिळी.

ऐच्छिक घटक हवा की नको, हे कुणीतरी ठरवतंच. तुम्ही ठरवलं नाही, तर त्या दिवशी बिल्ड मशीनवर योगायोगाने काय बसलेलं होतं त्यावरून ते ठरतं. पुढची सगळी खटपट तो निर्णय योगायोगाच्या हातून काढून आपल्याकडे घेण्यासाठी आहे.

उदाहरण म्हणून डेबियन हे लिनक्स डिस्ट्रिब्युशन घेतो, कारण मी रोज त्यातच असतो आणि ऐच्छिक गोष्टी मांडायची त्याची भाषा बरीच बारीक आहे. उबंटू आणि इतर वंशजांना यातलं जवळपास सगळं लागू पडतं. फाइली, फील्ड आणि कमांडची नावं इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिली आहेत. टाइप करताना ती अर्थातच रोमन लिपीत.

नमुन्यासाठी एक काल्पनिक प्रोग्रॅम धरू, चित्रपेटी. चित्रं बघायचा साधा प्रोग्रॅम. त्याला तीन ऐच्छिक अंगं आहेत. पॉपलर वापरून पीडीएफ दाखवणारं प्लगइन, लिबरॉ वापरून कॅमेऱ्याच्या रॉ फाइली उघडणारं प्लगइन, आणि चित्राची माहिती वाचण्यासाठी बाहेरून बोलावली जाणारी एक्झिफटूल ही कमांड. वरवर बघता तिन्ही "नसलं तरी चालेल" या एकाच वर्गातली वाटतात. पॅकेज बांधताना मात्र तिघांची वागणूक वेगवेगळी निघते.

तयारी

बिल्ड-इसेन्शियल, डेबहेल्पर (पॅकेज बांधायची ठरावीक कामं करणारं), डेव्हस्क्रिप्ट्स, लिंटियन (पॅकेजमधल्या चुका दाखवणारं) आणि एसबिल्ड ही पॅकेजेस बसवून घ्या. त्यातलं एसबिल्ड टाळू नका. ते दर वेळी कोऱ्या वातावरणात बिल्ड करतं, म्हणजे तुमच्या लॅपटॉपवरचा पसारा त्यात शिरत नाही. सुरुवातीला ते लावून घ्यायला अर्धा दिवस जातो, जाऊ दे. माझं पीडीएफ प्रकरण एसबिल्डमध्ये पहिल्या पाच मिनिटांत उघडं पडलं असतं.

सोर्सच्या मुळाशी डेबियन नावाची डिरेक्टरी लागते. तिच्यात कंट्रोल, रूल्स, चेंजलॉग, कॉपीराइट आणि सोर्स/फॉरमॅट या फाइली. रूल्स ही मेकफाइल असते. डेबहेल्परच्या कृपेने ती आजकाल तीन ओळींत आटोपते. तिसरी ओळ टॅबने सुरू व्हायला हवी, स्पेसने नाही. तुमचा एडिटर टॅबच्या जागी गुपचूप स्पेस घालत असेल तर पहिला तास इथेच जाईल. कंट्रोल फाइलमध्ये बिल्ड-डिपेंड्समध्ये, म्हणजे बिल्डसाठी लागणाऱ्या पॅकेजेसच्या यादीत, डेबहेल्पर-कॉम्पॅट, आवृत्ती बरोबर १३ असं लिहा. पुढे सांगितलेल्या काही गोष्टी या १३ आकड्यावर अवलंबून आहेत.

आधी यादी

कोडला हात लावायच्या आधी मूळ प्रोजेक्टच्या बिल्डची फाइल नीट वाचा. बिल्ड सिस्टिम मेसन असेल तर पर्यायांची फाइल, ऑटोटूल्स असेल तर कॉन्फिगरचं हेल्प, सीमेक असेल तर फाइंड-पॅकेजच्या सगळ्या ओळी. रीडमीवर विसंबू नका, तो बहुतेक वेळा कोडच्या दोन वर्षं मागे असतो.

सापडलेल्या प्रत्येक ऐच्छिक घटकापुढे तीन गोष्टी लिहा. तो कधी जोडला जातो: कंपाइल करताना मुख्य प्रोग्रॅममध्येच, वेगळ्या डॉट एसओ (शेअर्ड लायब्ररी) फाइलीत प्लगइन म्हणून, की चालू असताना बाहेरची कमांड बोलावून? त्याच्याबरोबर आणखी काय काय येतं? आणि तो नसेल तर नेमकं काय होतं: प्रोग्रॅम सुरूच होत नाही, एखादा मेनू फिका पडतो, की कुणाला पत्ताही लागत नाही?

तिसरा प्रश्न सगळ्यांत महत्त्वाचा आहे आणि त्याचं उत्तर कोड वाचून लिहायचं नसतं. घटक काढा, प्रोग्रॅम चालवा, बघा. "नसलं तरी चालेल" असं ज्याच्याबद्दल मूळ लेखक छातीठोकपणे सांगतो, ते काढल्यावर प्रोग्रॅम सुरू होता होता कोसळलेला मी एकाहून जास्त वेळा पाहिलाय. लेखकाची लबाडी नसते ती. त्याच्या मशीनवर ते नेहमीच असतं, त्यामुळे नसल्यावर काय होतं हे त्याने कधी बघितलेलंच नसतं.

बिल्डला स्पष्ट सांगा

बिल्ड सिस्टिमचं "आपोआप" म्हणजे दिसलं तर घे, नाही तर सोडून दे. घरी कंपाइल करणाऱ्याला हे सोयीचं, पॅकेज बांधणाऱ्याला विष. मेसनमध्ये अशा पर्यायाच्या तीन किमती असतात: ऑटो, एनेबल्ड आणि डिसेबल्ड. आपल्याला ऑटो कुठेच नको. रूल्स फाइलमध्ये ओव्हरराइड-डीएच-ऑटो-कॉन्फिगर हे लक्ष्य घाला. त्यात डीएच-ऑटो-कॉन्फिगरच्या पुढे दोन डॅश देऊन पीडीएफ एनेबल्ड, रॉ एनेबल्ड आणि जे नकोय ते डिसेबल्ड, असं नाव घेऊन लिहा. एनेबल्ड लिहिलेली लायब्ररी मिळाली नाही तर मेसन तिथेच थांबतो. आपल्याला हेच हवंय. बिल्ड मोडलं तर आपल्याला कळतं, फीचर गळालं तर वापरणाऱ्याला कळतं.

ऑटोटूल्समध्ये विथ आणि एनेबल हे पर्याय द्या, पण स्पष्ट मागूनही लायब्ररी न मिळाल्यावर गप्प बसणाऱ्या कॉन्फिगर स्क्रिप्ट असतात, तेव्हा एकदा लायब्ररी काढून खात्री करा. सीमेकमध्ये प्रोजेक्टने स्वतःचा पर्याय ठेवला असेल तर तो वापरा. नसेल तर सीमेक-डिसेबल-फाइंड-पॅकेज या नावाने सुरू होणाऱ्या चलाने एखादी लायब्ररी शोधण्यावर बंदी घालता येते. आवृत्ती ३.२२ पासून उलटी सोयही आहे: डिसेबलच्या जागी रिक्वायर लिहिलं की ती लायब्ररी सक्तीची होते.

एनेबल केलेल्या प्रत्येक घटकाचं डेव्ह पॅकेज बिल्ड-डिपेंड्समध्ये हवंच. एखादी लायब्ररी काही आर्किटेक्चरवर, म्हणजे प्रोसेसरच्या प्रकारांवर, मिळत नसेल तर तिच्यापुढे चौकटी कंसात आर्किटेक्चरची यादी देता येते. मग त्या ठिकाणी पर्याय डिसेबल करायची अट रूल्समध्येही घालायला विसरू नका.

बिल्ड झालं की डीपीकेजी-डेब कमांडने पॅकेजची माहिती आणि आतल्या फाइलींची यादी बघा. प्लगइनच्या फाइलीवर ऑब्जडंप चालवून नीडेड म्हणून काय काय आलंय तेही बघा. आधीची आवृत्ती हाताशी असेल तर डेबडिफ दोन्ही पॅकेजेस समोरासमोर ठेवून गळालेल्या आणि आलेल्या फाइली दाखवतो. हे मी प्रत्येक अपलोडच्या आधी करतो. कंटाळा येतो, तरी करतो.

गाड्याबरोबर नळ्याची यात्रा

आता पहिल्यांदा पॅकेज बांधणारा हमखास अडकतो ती जागा. समजा, दोन्ही प्लगइन मुख्य पॅकेजमध्येच ठेवली. ती ऐच्छिक आहेत, चालू असताना लागली तरच उघडली जातात, म्हणून वाटतं की पॉपलर आणि लिबरॉ सक्तीच्या नसतील. कंट्रोल फाइलमध्ये तुम्ही त्यांचं नावही लिहिलेलं नाही. तरी तयार पॅकेजच्या डिपेंड्समध्ये, म्हणजे सोबत बसवाव्याच लागणाऱ्या पॅकेजेसच्या यादीत, दोघी हजर.

हे काम डीपीकेजी-श्लिबडेप्सचं. डिपेंड्समध्ये आपण श्लिब्स:डिपेंड्स हे चल लिहितो ना, ते भरण्यासाठी हा प्रोग्रॅम पॅकेजमधली एकूण एक बायनरी आणि डॉट एसओ फाइल उघडतो आणि ती कोणकोणत्या लायब्रऱ्यांना जोडलेली आहे ते टिपतो. कोणती फाइल मुख्य आणि कोणती हौशी प्लगइन, हे त्याला कळायला मार्ग नाही. एका कोपऱ्यातल्या प्लगइनला लागणारी लायब्ररी अख्ख्या पॅकेजच्या गळ्यात पडते, आणि नुसती जेपीइजी बघणाऱ्यालाही लिबरॉ बसवावीच लागते.

यावर दोन उपाय. स्वच्छ उपाय म्हणजे प्लगइनचं वेगळं पॅकेज करणं. पॅकेज वेगळं करण्याइतकी ती गोष्ट मोठी नसेल, तर डीपीकेजी-श्लिबडेप्सला डॅश डी हा पर्याय देऊन अमुक फाइलीच्या लायब्रऱ्या डिपेंड्सऐवजी रेकमेंड्समध्ये किंवा सजेस्ट्समध्ये (या सैल याद्यांबद्दल पुढे येतंच) टाक असं सांगता येतं. त्यांच्यासाठी श्लिब्स:रेकमेंड्स किंवा श्लिब्स:सजेस्ट्स हे चल कंट्रोलमध्ये लिहावं लागतं. पण हा उपाय करण्याआधी लायब्ररी नसताना ते प्लगइन उघडायला सांगून बघा. प्रोग्रॅम तक्रार करून पुढे जातो की तिथेच मान टाकतो, हे पाहूनच ठरवा.

उलटी भानगडही असते. प्रोग्रॅम चालू असताना एखादी लायब्ररी डीएलओपन या फंक्शनने थेट नावाने उघडत असेल, तर ती डीपीकेजी-श्लिबडेप्सला दिसतच नाही. मग डिपेंडन्सी हाताने लिहावी लागते, आणि हाताने लिहिलेली शिळी होते. लायब्ररीची एसओ आवृत्ती बदलली की डेबियनमध्ये तिच्या पॅकेजचं नावच बदलतं, शेवटचा ३ जाऊन ४ येतो. तुमच्या कंट्रोलमध्ये ३ तसाच राहतो आणि फीचर पुन्हा गुपचूप जातं.

ही नळ्याची यात्रा किती महागात पडू शकते हे मार्च २०२४ मध्ये दिसलं. फाइली दाबून लहान करणाऱ्या एक्सझेड युटिल्सच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांमध्ये लपवलेलं मागचं दार आंद्रेस फ्रॉइंड यांनी उघडकीला आणलं. त्याचा रोख एसएसएच सर्व्हरवर होता. गंमत अशी, की ओपनएसएसएच हा सर्व्हर स्वतः एक्सझेडची लायब्ररी वापरतच नाही. डेबियनसह काही डिस्ट्रिब्युशननी त्याला सेवा सुरू करणाऱ्या सिस्टिमडीला "मी सुरू झालो" एवढा निरोप देण्याची सोय म्हणून लिबसिस्टिमडी जोडली होती, लिबसिस्टिमडीने लिबएलझेडएमए ही एक्सझेडची लायब्ररी आणली, आणि तिच्यातून तो कोड सर्व्हरच्या प्रक्रियेत शिरला. डेबियनच्या स्थिर आवृत्तीपर्यंत ते पोचलं नाही, टेस्टिंग आणि अनस्टेबल या विकासातल्या शाखांमध्ये आलं होतं. पुढे डेबियनने तो निरोप लायब्ररीशिवाय पाठवायची व्यवस्था केली. निरोपाचा प्रोटोकॉल एवढा साधा आहे की थोड्याशा कोडमध्ये भागतं. तेव्हा ऐच्छिक सोय जोडताना तिच्यामागून कोण कोण आत येतंय, ते मोजा.

वेगळं पॅकेज कधी करावं

नव्याने हे जमायला लागलं की प्रत्येक प्लगइनचं पॅकेज करायचा मोह होतो. आवरा. जून २०२३ मध्ये आलेल्या डेबियन १२ मध्ये ६४ हजारांहून अधिक पॅकेजेस होती. प्रत्येक नवं पॅकेज म्हणजे इंडेक्समध्ये आणखी काही ओळी, आणि तो इंडेक्स ते पॅकेज न वापरणारेही उतरवून घेतात. शिवाय नव्या नावाचं बायनरी पॅकेज आलं की अपलोड न्यू नावाच्या रांगेत जातं, तिथे संग्रह सांभाळणारी एफटीपीमास्टर मंडळी ते माणसाच्या नजरेने तपासतात. ही रांग कधी दिवसांत सरते, कधी महिने लागतात.

माझा ठोकताळा असा. घटकामागून मोठं लटांबर येत असेल, किंवा सर्व्हरवर चालणाऱ्या प्रोग्रॅमला तो डेस्कटॉपच्या लायब्रऱ्या ओढायला लावत असेल, किंवा नेटवर्क वगैरे उघडून धोका वाढवत असेल, तर वेगळं पॅकेज. सगळ्यांकडे आधीच असलेल्या लायब्ररीवर चालणारं चाळीस किलोबाइटचं प्लगइन असेल, तर मुख्य पॅकेजमध्येच राहू द्या. व्हीएलसी या मीडिया प्लेअरची प्लगइन कशी वाटली आहेत ते बघा: बहुतेक सगळी एका पायाभूत पॅकेजमध्ये, आणि सांबासारखी मोजकी वेगळी.

चित्रपेटीत मी दोन्ही प्लगइन वेगळी करेन. चित्रपेटी, चित्रपेटी-पीडीएफ, चित्रपेटी-रॉ.

प्रत्यक्ष वाटणी

कंट्रोल फाइलमध्ये प्रत्येक बायनरी पॅकेजचा एक परिच्छेद येतो, मध्ये एक रिकामी ओळ. पण दुसरा परिच्छेद लिहिताक्षणी एक गोष्ट न सांगता बदलते. एकच पॅकेज असताना डीएच-ऑटो-इन्स्टॉल सगळ्या फाइली थेट डेबियन/चित्रपेटी या डिरेक्टरीत ठेवत होता. दोन किंवा जास्त पॅकेजेस झाली की तो त्या डेबियन/टीएमपी मध्ये ठेवतो, आणि तिथून कुठली फाइल कुठल्या पॅकेजात जाणार हे तुम्ही सांगायचं असतं. प्रत्येक पॅकेजच्या नावाची डॉट इन्स्टॉल फाइल करायची आणि तिच्यात मार्ग लिहायचे. प्लगइनसाठी त्यात एकच ओळ असते: यूएसआर/लिब, मग आर्किटेक्चरच्या डिरेक्टरीच्या जागी तारांकन, मग चित्रपेटी/प्लगइन्स/पीडीएफ डॉट एसओ.

प्लगइनच्या डॉट इन्स्टॉल फाइली मनापासून लिहिल्या जातात आणि मुख्य पॅकेजची विसरली जाते. मुख्य पॅकेजचं ते आपोआप होईल असं वाटतं. होत नाही, मुख्य पॅकेज रिकामं राहतं. कॉम्पॅट १३ मध्ये डीएच-मिसिंग अशा बेवारस फाइली दिसल्या की बिल्ड मोडतो, म्हणून मघाशी १३ वर जोर दिला. एखादी फाइल मुद्दामच कुठल्याही पॅकेजात नको असेल, तर तिचं नाव डेबियन/नॉट-इन्स्टॉल्ड मध्ये लिहा.

प्लगइन आणि मुख्य प्रोग्रॅम एकमेकांशी अंतर्गत भाषेत बोलत असतील, म्हणजे बाहेरच्यांसाठी स्थिर ठेवलेला इंटरफेस नसेल, तर प्लगइनच्या डिपेंड्समध्ये चित्रपेटी, बरोबर बायनरी:व्हर्जन, असं घट्ट बांधा. नाही तर मुख्य पॅकेज पुढे जातं, प्लगइन मागे राहतं आणि दोघांची भाषा जुळेनाशी होते. चिन्हं आणि नमुना चित्रं यांसारख्या आर्किटेक्चर ऑल (सगळ्या प्रोसेसरना एकच) पॅकेजवर अवलंबून असाल तर तिथे सोर्स:व्हर्जन वापरा. नुसतं पुन्हा कंपाइल करून निघालेल्या आवृत्तीत बायनरीच्या क्रमांकाला शेपूट लागतं, ऑल पॅकेजला लागत नाही, आणि बायनरी:व्हर्जनने बांधलं असेल तर ते कधीच जुळत नाही.

डिपेंड्स, रेकमेंड्स, सजेस्ट्स

डिपेंड्स म्हणजे याशिवाय पॅकेज आपलं काम करू शकत नाही. रेकमेंड्सची डेबियन पॉलिसीतली व्याख्या लक्षात ठेवण्यासारखी आहे: अपवादात्मक मांडणी सोडली तर जे या पॅकेजसोबत असेलच, ते. सजेस्ट्स म्हणजे असलं तर उपयोग वाढेल, नसलं तरी काहीच वावगं नाही. एनहान्सेस हे सजेस्ट्सचं उलटं टोक, प्लगइनच्या बाजूने लिहायचं: मी अमक्याचं काम वाढवतो.

व्यवहारातला फरक असा, की २००९ मध्ये आलेल्या डेबियन ५ पासून पॅकेजेस बसवणारं एपीटी रेकमेंड्समधलं आपोआप बसवतं, सजेस्ट्समधलं फक्त नाव दाखवतं. आणि ते नाव कुणी वाचत नाही. म्हणून फीचर सजेस्ट्समध्ये टाकलं की दहातल्या नऊ जणांसाठी ते नाहीच असं धरा. उलट कंटेनरच्या इमेज बांधणारे नो-इन्स्टॉल-रेकमेंड्स हा पर्याय सर्रास लावतात, म्हणून रेकमेंड्समधलं असेलच असंही धरू नका.

चित्रपेटीत पीडीएफ रेकमेंड्समध्ये जाईल, कारण बहुतेक डेस्कटॉपवर पॉपलर असतेच आणि लोक पीडीएफ उघडणारच. रॉ सजेस्ट्समध्ये, त्याची गरज असणारा माणूस शोधून बसवतो. एक्झिफटूलबद्दल मी घोळात होतो. शेवटी रेकमेंड्स केलं, कारण माहितीचा चौकोन मुख्य खिडकीतच आहे आणि कमांड नसेल तर तो रिकामा दिसतो. रिकामा चौकोन बघून माणूस प्रोग्रॅमला नावं ठेवतो.

एकच काम करणारी दोन पॅकेजेस असतील तर मध्ये उभी रेघ देऊन दोन्ही लिहिता येतात, पण एपीटी साधारणपणे पहिलंच उचलतं, तेव्हा क्रम विचार करून ठेवा. डेबियनचा आणखी एक कडक नियम: मेन या मुक्त सॉफ्टवेअरच्या विभागातलं पॅकेज त्या विभागाबाहेरच्या पॅकेजला डिपेंड्स किंवा रेकमेंड्स करू शकत नाही. उभ्या रेघेनंतरचा दुय्यम पर्याय म्हणून ते आलं तर चालतं, आणि सजेस्ट्सला मुभा आहे. रॉ फाइलींसाठी एखादं नॉन-फ्री साधन कितीही चांगलं असलं तरी त्याची जागा सजेस्ट्सच.

नसतानाचं वागणं

पॅकेज वेगळं केलंत म्हणजे वापरणाऱ्याला ते सांगायची जबाबदारीही तुमचीच. मूळ चित्रपेटी पीडीएफ प्लगइन नसेल तर "अज्ञात फाइल प्रकार" एवढंच म्हणत होती. ते वाचून कोण काय करणार? त्या जागी "पीडीएफ बघण्यासाठी चित्रपेटी-पीडीएफ हे पॅकेज बसवा" असा संदेश देणारा चार ओळींचा पॅच डेबियन/पॅचेस मध्ये घातला. पॅच करताना मूळ लेखकालाही कळवा, निदान संदेशात प्लगइनचं नाव यावं एवढं तरी तो स्वीकारतो. पॅकेजच्या वर्णनातही कोणतं पॅकेज काय देतं ते एकेका ओळीत लिहा, लोक शोधतात ते त्या वर्णनात.

बाहेरच्या कमांडच्या बाबतीत जास्त जपा. कमांड न मिळाल्याची चूक बरेच प्रोग्रॅम गिळून टाकतात.

तपासणी

निदान दोन मांडण्या तपासायच्याच: रेकमेंड्सशिवाय नुसतं मुख्य पॅकेज, आणि सगळं काही. डेबियन/टेस्ट्स/कंट्रोल मध्ये बसवलेल्या पॅकेजची चाचणी घेणाऱ्या ऑटोपीकेजीटेस्टसाठी दोन चाचण्या लिहा. पहिलीच्या डिपेंड्समध्ये फक्त चित्रपेटी. ती प्रोग्रॅम सुरू होतो का, जेपीइजी उघडते का आणि पीडीएफ दिल्यावर कोसळण्याऐवजी आपला संदेश येतो का हे बघेल. दुसरीत चित्रपेटी-पीडीएफचं नाव स्पष्ट लिहा आणि खरी पीडीएफ उघडून दाखवायला लावा. पहिल्या पॅकेजात मी फक्त दुसरीसारखी चाचणी लिहिली होती. जे आहे ते चालतंय एवढंच तिने सांगितलं, आणि ते मला आधीच माहीत होतं. त्यानंतर पिउपार्ट्सने बसवणं-काढणं तपासा आणि लिंटियन चालवा. लिंटियनच्या प्रत्येक सूचनेपुढे मान तुकवायची गरज नाही, पण दुर्लक्ष करायचं तर का, हे स्वतःला सांगता आलं पाहिजे.

आधीपासून असलेलं पॅकेज फोडताना

कोऱ्या पाटीवर वाटणी सोपी. लोकांच्या मशीनवर आधीच असलेल्या पॅकेजमधून प्लगइन बाहेर काढायचं असेल तर एक पायरी वाढते, आणि मी ती एकदा विसरलो होतो. नव्या मशीनवर सगळं छान बसलं. अपग्रेड करणाऱ्यांकडे पॅकेज उलगडणारा डीपीकेजी अडून बसला: ही फाइल ओव्हरराइट करू पाहताय, पण ती दुसऱ्या पॅकेजचीही आहे. त्याचं बरोबरच होतं. नवं चित्रपेटी-पीडीएफ आधी उलगडलं जात होतं आणि तीच डॉट एसओ फाइल जुन्या चित्रपेटीच्या नावावर होती.

समजा, वाटणी २.४-२ या आवृत्तीत झाली. तर नव्या पॅकेजच्या परिच्छेदात ब्रेक्स आणि रिप्लेसेस ही दोन्ही फील्ड हवीत, दोन्हींत चित्रपेटी, २.४-२ पेक्षा लहान, आणि आवृत्तीच्या शेवटी टिल्ड, म्हणजे नागमोडी रेघ. रिप्लेसेस फाइल ताब्यात घ्यायची परवानगी देतं, ब्रेक्स जुनं मुख्य पॅकेज तसंच मागे राहू देत नाही. शेवटची टिल्ड बॅकपोर्टसाठी, म्हणजे स्थिर आवृत्तीसाठी पुन्हा बांधलेल्या नव्या पॅकेजसाठी. २.४-२ च्या बॅकपोर्टचा क्रमांक टिल्डनंतर बीपीओ असा चालतो आणि तो क्रमाने २.४-२ च्या आधी येतो. आपण टिल्ड दिली नाही तर वाटणी झालेला बॅकपोर्टही जुना समजून नाकारला जाईल.

तांत्रिक बाजू एवढीच. खरी ठेच नावात लागते. २०२४ मध्ये डेबियन अनस्टेबलमध्ये कीपासएक्ससी या पासवर्ड मॅनेजरच्या पॅकेजचे दोन भाग झाले. जुन्या नावाखाली ब्राउझर जोडणी आणि नेटवर्कची अंगं काढलेला प्रोग्रॅम राहिला, आणि सगळ्या सोयींसकटचा फुल अशा शेपटाच्या नव्या नावाखाली गेला. सुरक्षेच्या दृष्टीने कमी कोड बरा, हा युक्तिवाद पोकळ नाही. पण अपग्रेडनंतर ब्राउझर जोडणी गेलेली पाहून लोक तक्रार घेऊन गेले ते मूळ प्रोजेक्टकडे, ज्याने काहीच बदललं नव्हतं. माझ्या मते जुन्या नावाचा अर्थ शाबूत ठेवावा आणि कमी केलेल्या रूपाला नवं नाव द्यावं. ते शक्य नसेल तर डेबियन/न्यूज फाइलमध्ये बदल ठळक लिहावा, एपीटी-लिस्टचेंजेस बसवलेलं असेल तर अपग्रेडच्या वेळी ती समोर येते.

थोडं आडवाटेचं

मुख्य प्रोग्रॅममध्येच कंपाइल होणारा घटक, ज्याचं प्लगइन होत नाही, त्याचं काय? एक तर द्या किंवा देऊ नका. तिसरा मार्ग म्हणजे एकाच सोर्समधून दोनदा बिल्ड करून दोन पॅकेजेस काढणं. व्हिम हा एडिटर तसं करतो: व्हिम-टायनी, व्हिम-नॉक्स, व्हिम-जीटीके३, आणि अपडेट-अल्टरनेटिव्ह्जने त्यांतला एक व्हिम या नावावर बसतो. पहिल्या पॅकेजात या वाटेला जाऊ नका. रूल्स फाइल तिप्पट होते आणि प्रत्येक बग कोणत्या रूपातला हे विचारत बसावं लागतं.

स्वतः बिल्ड करणाऱ्यालाच एखादा घटक वगळायची मुभा द्यायची असेल तर बिल्ड प्रोफाइल आहेत. पीकेजी, टिंब, सोर्सचं नाव, टिंब, आणि मग नोरॉ असं आपलं नाव. ते बिल्ड-डिपेंड्समध्ये लिबरॉच्या पुढे कोनी कंसात उद्गारचिन्हासह लिहायचं, चित्रपेटी-रॉच्या परिच्छेदात बिल्ड-प्रोफाइल्स फील्डमध्ये लिहायचं, आणि रूल्समध्ये तपासून पर्याय डिसेबल करायचा. तीनपैकी एक जागा सुटली तर अर्धवट बिल्ड निघतं.

इतर सिस्टिमांमध्ये हेच प्रश्न वेगळ्या जागी सोडवलेले दिसतील. जेंटूमध्ये यूज फ्लॅग लावून वापरणाराच कंपाइल करताना ठरवतो. फ्रीबीएसडीच्या पोर्ट्समध्येही पर्यायांची खिडकी येते, पण तयार पॅकेज घेणाऱ्याला पोर्टच्या मेंटेनरने ठरवलेले डीफॉल्टच मिळतात. आर्चमध्ये ऑप्टडिपेंड्सची यादी तिथला पॅकेज बसवणारा पॅकमन नुसती छापतो, बसवत नाही. आरपीएम या पॅकेज पद्धतीत रेकमेंड्ससारखी सैल नाती ४.१२ या आवृत्तीपासून आहेत.

अपलोडच्या आधी चेंजलॉगमध्ये वाटणीची नोंद करा: कोणती फाइल कुठून कुठे गेली, रॉ सजेस्ट्समध्ये का आणि पीडीएफ रेकमेंड्समध्ये का. दोन वर्षांनी कुणीतरी बग टाकेल, "लिबरॉ डिपेंड्समध्ये का नाही?" आणि ते विचारणारे बहुधा तुम्हीच असाल.